दोन टनी जनरेटर एकट्याने हलवायचाय? मोटर नंतर, आधी चाकावरचं वजन बघा

प्रश्न असा आलाय. कोल्हापुरात जनरेटर आणि कॉम्प्रेसर भाड्याने द्यायचा धंदा, शिरोलीच्या बाजूला यार्ड. दोन चाकी ट्रॉलीवरचा कॉम्प्रेसर ११०० किलोचा आणि चार चाकी ट्रॉलीवरचा जनरेटर २२०० किलोचा. ट्रॅक्टर गेटपर्यंत आणतो, पुढे शेडमध्ये नाहीतर पेठेतल्या बोळात चार-पाच पोरं मिळून ढकलतात. शेडच्या उंबऱ्यापाशी चढ आहे. मागच्या महिन्यात एका पोराची बोटं दांडी आणि भिंतीच्या मध्ये सापडली. आता बॅटरीवर चालणारा परदेशी ट्रेलर मूव्हर, म्हणजे हँडल धरून चालत चालवायचं ट्रॉली ओढणारं छोटं यंत्र, व्हिडिओत बघितलाय, एकटा माणूस साडेतीन टन ओढतोय. तो विकत घ्यावा, की इथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणाकडून तरी बनवून घ्यावा?

दादा, मी वीसेक वर्षं हेच करतोय. पंप, जनरेटर, मिक्सर, चिपर, जे जे हुकाला लागतं ते सगळं हलवलंय. तीन मूव्हर स्वतः बनवले, त्यातला एक भंगारात घातला. तेव्हा चुकांसकट सांगतो.

व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नाही. त्याची फरशी वेगळी आहे, एवढंच. सपाट, कोरडं, घोटीव काँक्रीट, टायरात पूर्ण हवा, आणि ट्रॉली अशी की तिच्या दांडीचं वजन मूव्हरच्या डोक्यावर बसतं. या तीन गोष्टींपैकी तुमच्याकडे किती आहेत ते आधी मोजा.

मूव्हर ओढतो तो मोटरच्या जोरावर नव्हे. मोटर कितीही दांडगी घाला, चाक जमिनीला जेवढं धरेल तेवढीच ओढ मिळते, त्यापुढे चाक जागच्या जागी फिरतं. आणि चाक किती धरणार हे ठरतं त्याच्यावर पडलेल्या वजनावर. कोरड्या काँक्रीटवर रबरी चाक आपल्यावरच्या वजनाच्या साधारण ६० टक्के ओढ देतं. ओल्या गवतावर किंवा चिखलावर तेच २०-३० टक्क्यांवर येतं. याउलट ट्रॉली किती ओढ मागते? चांगल्या काँक्रीटवर वजनाच्या दीड-दोन टक्के. दाबलेल्या मुरमावर चार-पाच टक्के धरून चाला. पावसाळ्यातल्या मऊ मातीत १० ते १५ टक्के, आणि चाक रुतलं तर हिशोबच सोडून द्यायचा. वर चढ असेल तर त्याचे वेगळे: दहा फुटांत एक फूट चढ म्हणजे वजनाचे आणखी १० टक्के.

आता तुमचा कॉम्प्रेसर घेऊ. ११०० किलो, दोन चाकी. दांडीवर ८० किलो येत असतील आणि मूव्हर ९० किलोचा असेल, तर मूव्हरच्या चाकांवर १७० किलो. कोरड्या काँक्रीटवर १०० किलोची ओढ मिळाली. ट्रॉली मागते २२, सुटताना समजा ४०. मस्त. मुरमावर ५५, तिथंही भागतं. दहास एक चढावर मागणी १३०च्या वर जाते, म्हणजे चाक फिरणार. ओल्या मातीत मिळतात जेमतेम ४२ आणि लागतात ११०. तिथं मूव्हर फक्त खड्डा पाडतो.

जनरेटरची गोष्ट याहून वाईट आहे, आणि इथंच आपल्याकडची बरीच मंडळी फसतात. चार चाकी ट्रॉलीत पुढचा एक्सल टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या चकतीवर असतो. वजन चारी चाकांवर बसतं आणि दांडी नुसती लोंबकळते. तिचं वजन मूव्हरवर येतच नाही. मग ९० किलोच्या मूव्हरला मिळतात फक्त ५४ किलो ओढ. २२०० किलोला चालतं ठेवायलाच ४४ लागतात आणि जागचं सुटायला त्याच्या दीड-दोन पट. म्हणजे कोरड्या, सपाट काँक्रीटवरसुद्धा हलणार नाही! तुम्ही तो परदेशी मूव्हर आणला असता, कॉम्प्रेसर फिरवून खूश झाला असता, आणि जनरेटरला लावल्यावर विकणाऱ्याला शिव्या घातल्या असत्या.

चार चाकीसाठी मूव्हरच जड पाहिजे. २५० किलोचा केला तर १५० किलो ओढ मिळते, त्यात काँक्रीट आणि दाबलेला मुरूम दोन्ही निघतात. म्हणून मी लिथियम बॅटरीच्या मागे लागू नका म्हणतो. ई-रिक्षाच्या १०० अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या अठ्ठावीस-तीस किलोच्या असतात. गाडीत ते वजन म्हणजे ओझं, मूव्हरमध्ये तीच तुमची पकड. दोन बॅटऱ्या बरोबर चाकाच्या एक्सलवर बसवा, पुढे-मागे नको. उरलेलं वजन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. कोल्हापुरात बिडाला तोटा नाही, कुठल्याही फाउंड्रीतून नापास झालेलं कास्टिंग उचला.

काही विकत घेण्याआधी किंवा बनवण्याआधी एक दिवस मोजण्यात घालवा. ट्रॉली वजनकाट्यावर नेऊन खरं वजन घ्या. प्लेटवर लिहिलेलं वजन डिझेल, केबल आणि ट्रॉली सोडून असतं. मग भंगारवाले वापरतात तसला टांगायचा डिजिटल काटा आणा, ३०० किलोचा. दांडीचं टोक हुकाच्या उंचीवर त्याला टांगा. आकडा येईल ते दांडीवरचं वजन. नंतर ट्रॉली आणि चेन पुलर यांच्यामध्ये तोच काटा आडवा लावून सावकाश ओढा. सुटताना किती आणि चालताना किती, दोन्ही आकडे लिहून ठेवा. यार्डात, गेटपाशी, शेडच्या उंबऱ्यावर, असं प्रत्येक ठिकाणी घ्या. या एका उद्योगातून माझी एकदा मूव्हरची ऑर्डरच रद्द झाली होती. गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीची दोन बेअरिंगं कोरडी पडली होती आणि टायरात निम्मी हवा. ग्रीस भरलं, हवा मारली, आणि सहा जणांचं काम तीन जणांवर आलं.

माणसांचा हिशोबही ऐकून ठेवा. ब्रिटनमध्ये कामगारांच्या सुरक्षेचं काम बघणारी एचएसई ही सरकारी संस्था आहे. तिच्या मार्गदर्शक आकड्यांप्रमाणे पुरुषाने वस्तू जागची हलवताना साधारण २० किलो आणि चालती ठेवताना १० किलोपर्यंत जोर लावावा. तुमच्या जनरेटरचे ४४ भागिले १० करा. चार-पाच पोरं लागतात ती उगाच नाही. मुरमावर आली की तीच पोरं अंगातला सगळा जोर काढतात, आणि अशा वेळी पाय घसरतो किंवा बोटं सापडतात.

आता उताराबद्दल, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार.

चढावर मूव्हर कमी पडला तर चाक फिरतं, ट्रॉली थांबते, तुम्ही चाकामागे ठोकळा टाकता. चिडचिड होते, पण कुणाला लागत नाही. उतारावर मूव्हर कमी पडला तर ट्रॉली थांबत नाही. ब्रेकलाही तीच पकड लागते जी ओढायला लागते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणजे दोन टनांना अडवणारी गोष्ट म्हणजे मूव्हरची दोन चाकं आणि तुमचे हात.

२०२१च्या जुलैमधल्या पुरानंतर एका इमारतीच्या तळघरातलं पाणी काढायला मी पंपाची ट्रॉली घेऊन गेलो होतो. मूव्हर माझाच, साठास एक वर्म गिअरबॉक्सचा, म्हणजे मोटरचे साठ फेरे तेव्हा चाकाचा एक. वर्म गिअर उलटा फिरत नाही, हँडल सोडलं की चाक जागीच जाम. मला त्याचा भारी अभिमान. रॅम्पवर गाळाचा पातळ थर होता. पहिल्या चार-पाच फुटांत ट्रॉलीने मूव्हरला पुढे रेटायला सुरुवात केली. मी हँडल सोडलं, चाक जाम झालं, आणि जाम झालेलं चाक तसंच गाळावरून घसरत खाली गेलं. गिअरबॉक्सने आपलं काम चोख केलं होतं, जमिनीने केलं नाही. दांडी आडवी फिरली आणि खांबावर आदळली. माझ्या डाव्या बाजूला कुणी उभं नव्हतं, ते आमचं नशीब. ट्रॉलीची दांडी वाकली, मूव्हरची चेसिस तिरकी झाली. भंगारात घातलेला तो हाच.

तेव्हापासून वीस फुटांत एक फुटापेक्षा जास्त उतार दिसला की मी मूव्हर बाजूला ठेवतो. तिथं वायर रोप पुलर, ज्याला आपल्याकडे सगळे टिरफोर म्हणतात, तो वरच्या बाजूला ट्रॅक्टरला नाहीतर भक्कम खांबाला बांधायचा आणि ट्रॉली इंच-इंच सोडायची. वेळ लागतो, लागू दे. एक माणूस टिरफोरवर, एक दांडीवर फक्त दिशा द्यायला, आणि एक मागून बाजूने लाकडी ठोकळा घेऊन. उताराच्या खालच्या बाजूला चिटपाखरू नको. आणि उतार डोळ्यांनी ठरवू नका. एक मीटरची सरळ पट्टी आणि गवंड्याचं लेव्हल घ्या. पट्टी समपातळीत आणताना खालचं टोक पाच सेंटिमीटर उचलावं लागलं, तर वीसास एक.

बनवायचा झाला तर उद्यमनगरात सगळं मिळतं. ऑइल इंजिनापासून ज्या पेठेने यंत्रं घडवली, तिथं मूव्हर म्हणजे दोन आठवड्यांचं काम. पण कारागिराला "ई-रिक्षाचा मागचा एक्सल लाव" एवढंच सांगून येऊ नका. सगळे तेच करतात. ई-रिक्षाचा गिअर ताशी २५ किलोमीटर वेगासाठी असतो, मूव्हरला पाहिजे ताशी दोन किलोमीटरच्या आत. कंट्रोलरवरून वेग कमी करता येतो, पण मग मोटर सुटताना प्रचंड करंट खेचते, तापते आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जळते. मध्ये आणखी बारास एकच्या आसपास रिडक्शन, म्हणजे वेग कमी करणारा गिअर टाकावाच लागतो.

मी स्वतः साधी २४ व्होल्टची डीसी मोटर आणि वर्म गिअरबॉक्स वापरतो. ४० सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला चोवीस फेरे फिरलं की सेकंदाला अर्धा मीटर चाल मिळते. मोटर १५०० फेऱ्यांची असेल तर साठास एक गिअर बरोबर बसतो. ८० किलो ओढ या चालीने म्हणजे ४०० वॉट. वर्म गिअर बरीच ताकद खातो, म्हणून मोटर ८०० वॉटची धरा. म्हणजे चालताना तीसेक अँपिअर, सुटताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. कंट्रोलर त्या हिशोबाने घ्या, मोटरच्या प्लेटवरून नको. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नाही. तरी दिवसभराच्या हलवाहलवीला पुरते, कारण प्रत्यक्ष मोटर चालते ती एका वेळी पाच-सात मिनिटं.

हँडलवर दोन गोष्टी नसतील तर मूव्हर घेऊ नका आणि बनवूही नका. पहिली, बोट सोडलं की थांबणारं बटण. मोटरसायकलचा थ्रॉटल लावणारे लोक आहेत. घाबरलेला माणूस मूठ घट्ट आवळतो, आणि थ्रॉटल पूर्ण उघडतो. दुसरी, हँडलच्या टोकाला, आपल्या पोटासमोर, मोठं लाल बटण. मूव्हर ओढत आपण उलटे चालत येतो आणि मागे भिंत आली की हँडल पोटात घुसतं. ते बटण पोटाला लागलं की मोटर उलटी फिरून यंत्र आपल्यापासून लांब गेलं पाहिजे. गोदामातल्या बॅटरीवरच्या पॅलेट ट्रकला हे बटण असतं, एकदा जाऊन बघून या. शिवाय गिअर सोडवायची खटकी ठेवा. बॅटरी बोळाच्या मधोमध संपली तर वर्म गिअर ट्रॉली हलूच देत नाही आणि मागे लग्नाची वरात उभी असते. अनुभव आहे.

पॉवर टिलरला हुक लावून ट्रॉली ओढता येईल का, असंही एकाने विचारलंय. राधानगरी-चंदगडकडे भाताच्या रानात टिलर घरोघरी असतात, त्यामुळे प्रश्न बरोबर आहे. सपाट यार्डात ओढतो, लई चांगला ओढतो, वजनही भरपूर. पण बंद शेडमध्ये धूर होतो. आणि उतारावर तो उलटा वळतो, हे नव्या माणसाला ठाऊक नसतं. सपाटीवर उजवा क्लच दाबला की टिलर उजवीकडे जातो. उतारावर मागचं वजन रेटायला लागलं की तोच क्लच त्याला डावीकडे नेतो, कारण सुटलेलं चाक मोकळं पळतं आणि दुसरं इंजिनाने अडवलेलं असतं. मागे दोन टन असताना हा धडा शिकायचा नसतो. तुमच्या यार्डाशेजारी कुणाकडे फोर्कलिफ्ट असेल तर त्याच्या मागच्या वजनात ओढायची पिन असते. शेडमधल्या कामाला त्याहून स्वस्त मूव्हर नाही, तासाने मागून घ्या. हायड्रा क्रेन गेटपर्यंत ठीक, बोळात शिरत नाही.

जमिनीचं थोडं. तुमचं यार्ड पूर्वेला, म्हणजे काळी माती. जून ते सप्टेंबर मुरूम टाकला तरी खाली पोटातून मऊच. फाउंड्रीच्या वाळूच्या लाइनवरचा नाहीतर साखर कारखान्यातला जुना कन्व्हेयर बेल्ट भंगारात मिळतो. त्याच्या दोन पट्ट्या ट्रॉलीच्या चाकांखाली आणि एक मूव्हरखाली अंथरा. मूव्हरखालच्या पट्टीची झिजलेली, खडबडीत बाजू वर ठेवा. पट्टी मागून उचलायची आणि पुढे टाकायची, दहा-दहा फूट करत जायचं. प्लायवूड टाकणारे आहेत, पण ओलं झालं की त्यावर चाक साबणासारखं सरकतं.

हुकाच्या पिनमध्ये खेळ नको. पिन सैल असली की प्रत्येक थांबण्या-सुटण्याला दणका बसतो आणि तो सरळ तुमच्या मनगटात येतो. लेथवर बुश टर्न करून बसवा, थोडक्या पैशांचं काम. मिस्त्रीच्या हाताला काही नसलं की तो तिथं सळई घालतो, तसली सळई दिसली की काढून फेका.

बोळात वळताना दोन चाकी ट्रॉली सोपी, एका चाकावर फिरते. जवळजवळ दोन एक्सल असलेली लांब ट्रॉली कधी घेतलीत तर लक्षात ठेवा, ती वळताना टायर आडवे घासतात आणि ओढ झटकन वाढते. उभ्या जागी वळवू नका, चालता चालता वळवा. जमलं तर जॉकी व्हील, म्हणजे दांडीखालचं छोटं चाक, वर-खाली करून दांडी थोडी उचला म्हणजे वजन मागच्या एक्सलवर जातं आणि घासणं कमी होतं. ज्या पोराची बोटं सापडली त्याबद्दल एवढंच म्हणेन: चाकाखाली खडा आला की दांडी झटक्यात आडवी फिरते, हाताने ती थांबत नाही. मूव्हर आल्यावरही दांडी आणि भिंत यांच्यामध्ये माणूस उभा राहता कामा नये.

आणि गणपतीत मंडळं मागे लागतील, "भावा, मिरवणुकीत पण तुझा मूव्हरच लाव, ट्रॅक्टरचं भाडं वाचतंय." नाही म्हणा. मूव्हर यार्डाचं आणि शेडचं यंत्र आहे. रस्त्यावर, गर्दीत, पोरंटोरं दांडीवर बसत असताना ट्रॅक्टरच पाहिजे आणि ट्रॅक्टरवर शुद्धीतला ड्रायव्हर.

तर तुमच्यापुरतं माझं मत: परदेशी हलका मूव्हर घेऊ नका, तो फक्त कॉम्प्रेसरला चालेल. बिडाचं वजन घातलेला २५० किलोचा एकच बनवून घ्या, दोन्ही ट्रॉल्यांना जमणारा हुक लावून. शेडच्या उंबऱ्यापाशी जो चढ आहे म्हणता, तिथं लोखंडी प्लेट टाकून तो लांबट करून घ्या. बनवायला टाकण्याआधी काट्याचे आकडे काढा: दोन्ही ट्रॉल्यांचं वजन, कॉम्प्रेसरच्या दांडीवरचं वजन, आणि उंबऱ्यावर सुटतानाची ओढ. ते इथं लिहा, गिअर आणि चाकाचं माप मी काढून देतो.